दोन बटणांमधली सवड

अर्धांगाच्या झटक्यानंतर दादांचा उजवा हात निम्मा परत आला, आणि त्या निम्म्या हातावर दादांनी पुन्हा ऑफिस गाठलं. कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचे, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. जन्मभर तेच केलेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हात वापराल तर राहील."

दादांच्या सवयीच्या टायपिंगच्या पद्धतीत एकच बटण कधी अक्षर उमटवतं, तर कधी अख्खी ओळ पुसतं. एका कामातून दुसऱ्यात जायला पार कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबायचं. तिथवर हात पोचतोय कुठला! मग धाकट्या भावानं, ज्याला घरात सगळे वादळ म्हणत, दादांसाठी एक प्लगिन, म्हणजे छोटासा जोड-प्रोग्राम, लिहिलं. 'जे' आणि 'के' ही शेजारची बटणं लागोपाठ दाबली की एस्केपचं काम व्हायचं. 'जे'वरून 'के'वर दादांचं बोट सरकेपर्यंत ते प्लगिन जरा थांबायचं. "भाऊजींनी जन्मात पहिल्यांदा कुणाला सवड दिली," दादांची बायको, म्हणजे वहिनी, म्हणायच्या.

वर्षभर छान चाललं. मग एके दिवशी पडद्यावर नुसतीच जे-के, जे-के अक्षरं सांडायला लागली. दादांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. हात गेला, असं त्यांनी मनाशी धरलं आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले. एकदा त्या कचऱ्यासकट हुकूम गेला आणि ऑफिस दुपारपर्यंत ठप्प! साहेब ओरडलेसुद्धा नाहीत. तेच जास्त लागलं. दादांनी राजीनामा दिला.

हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. व्यायामाचा रबरी चेंडू कपाटात गेला, चमचा वहिनींच्या हातात. वहिनी चेंडू काढून द्यायच्या, भांडायच्या, रडायच्याही. दादांचं एकच, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

बऱ्याच महिन्यांनी वादळ आपल्या गावाहून आला. वहिनी दादांना चहा पाजताहेत हे बघून तो दारातच थबकला.

"हे कधीपासून?"

"तुझं जे-के जमेना तेव्हापासून," दादा म्हणाले.

"जमेना म्हणजे? नुसती अक्षरं उमटायची?"

"हो."

वादळ दादांजवळ येऊन बसला. "दादा, अरे तो तुझा हात नव्हता! ते प्लगिन मी नेटवर सगळ्यांना खुलं केलं होतं, ते रेंगाळतं म्हणून लोक कटकट करायचे. मी इथूनतिथून सवड कमी करून टाकली, सरसकट सगळ्यांची, आणि ती आपोआप तुझ्याही कॉम्प्युटरवर आली. तुझी राखून ठेवायची हे ध्यानातच आलं नाही. फोन तरी करायचास रे!"

बोलता बोलता त्यानं लॅपटॉप उघडून सवड पहिल्यासारखी केली आणि तो दादांपुढे सरकवला.

म्हणजे हात शाबूत होता! दादांना इतका आनंद झाला की ते हसले, मोठ्यानं. त्यांनी उजवा हात उचलायला घेतला. खांदा तेवढा हलला. मग डाव्या हातानं उचलून त्यांनी तो बटणांवर ठेवला. बोटं आत वळलेली होती, ती उघडेनात.

"थांब हं," दादा म्हणाले. "घाई करू नकोस."

वादळ थांबला. कपातला चहा गार झाला, त्यावर साय धरली. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही.