कोल्हापूरचे नारळ आणि केतकीचा थांबा

पुण्याहून कोल्हापूरला गाडीने जाणार असाल तर दोन तास जास्तीचे धरा. दर पुलापाशी डायव्हर्जन आणि धूळ! मी साताऱ्यालाच वैतागले होते. पण जाणं भाग होतं. माझी धाकटी बहीण केतकी वृंदगानासाठी रचना करते, आणि पुरावरची तिची नवी रचना कोल्हापुरात पहिल्यांदाच गायली जाणार होती. वाद्यं नाहीत, नुसते गळे. मधोमध एक लांब थांबा, सगळे गप्प. पुरात गाव रिकामं होतं, ती शांतता. "ताई, तो थांबा जमला तरच गाणं जमलं," असं म्हणत ती वर्षभर माझं डोकं खात होती.

दुपारी संयोजकांनी गायकांना जेवायला बसवलं. ताटाचे दर आता पुण्यासारखेच झालेत, पण रस्सा वाटीवर वाटी ओततात. केतकी हात जोडून म्हणाली, "गायचंय हो त्यांना, तिखट नको."

"अवो, पांढरा हाय की! घशाला चांगला असतोय," संयोजक मंडळाचे अध्यक्ष म्हणाले आणि स्वतः वाढायला लागले.

हॉलमध्ये आधी सत्कार. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार. शेजारी शिरोळच्या एक काकू, गळ्यात घसघशीत सोनं, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. "कुठलं पावणं? शेंगा घ्या की," असं चारदा झालं. देवा रे!

एकदाचं गाणं सुरू झालं. सूर पाण्यासारखे चढत गेले आणि एकदम थांबले. शांतता धरायला वृंदाच्या संचालकांनी हात वर उचलला, आणि कडाडून टाळ्या! अध्यक्ष "लई भारी!" म्हणत स्टेजवर चढले आणि त्या उचललेल्या हातात त्यांनी नारळ ठेवला. मागोमाग प्रत्येक गायकाला शाल आणि नारळ. माझं टाळकंच सरकलं.

केतकी पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली. "ताई, तो थांबाच काढून टाकते. चल, निघू."

"का गं? संपलं न्हाय व्हय अजून?" काकूंनी विचारलं.

"नाही हो!" मी त्यांच्यावरच खेकसले. "ते गप्प राहणं गाण्यातलंच आहे. पुरात गाव रिकामं होतं ना, ते!"

काकूंनी पुडी मिटली आणि उठून उभ्या राहिल्या. "ओ अध्यक्ष, खाली या! गाणं संपलं न्हाय. पयल्यापास्नं म्हणू द्या त्यास्नी, आन् मधी कुणी टाळी वाजवली तर बगा!"

अध्यक्ष निमूट उतरले. गायकांनी नारळ पायाशी ठेवले, शाली तशाच खांद्यावर, आणि पुन्हा सुरुवात केली. थांबा आला. नुसता पंख्याचा आवाज. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, आणि उरलेलं गाणं संपून टाळ्या पडल्या तरी ते सोडलं नाही.

"आमी ट्रॅक्टरातनं भाईर पडलो तवा असंच हुतं," त्या केतकीला म्हणाल्या. "कुत्रंबी भुंकत नव्हतं. पर पोरी, एवढ्यात सरत न्हाय ते. लई येळ असतंय."

केतकी परतीच्या वाटेवर कऱ्हाडपर्यंत मांडीवर मात्रा मोजत होती. मी मात्र अध्यक्षांच्या नावाने बोटं मोडत होते. जायचं असेल तर जरूर जा, रस्सा प्या, फक्त सत्कार संपायच्या बेताने हॉलमध्ये शिरा.

घरी आल्यावर केतकीला मिळालेल्या नारळाची चटणी केली. परवा फोनवर केतकीला विचारलं, "मग, काढलास का तो थांबा?"

"नाही," ती म्हणाली. "लांबवलाय."