न तुटणाऱ्या डबीतले बाबा

उल्हासनगरच्या दुकानदाराने ती हार्डडिस्क माझ्यादेखत काउंटरवरून फरशीवर टाकली. मी दचकले. त्याने ती उचलली, नारिंगी रबराच्या कडेवर फुंकर मारली आणि म्हणाला, "दीदी, गिराओ, भिगाओ, ऊपर से स्कूटर चलाओ, कुछ नहीं होगा. पिताजी की आवाज़ सौ साल चलेगी." त्याचं बोलणं मला तेव्हा फार आवडलं होतं. आता आठवलं की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

बाबांचं ऑपरेशन होऊन तेव्हा काही महिने झाले होते. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याच्या मधोमध श्वासासाठी भोक राहिलं, त्यावर पांढरा जाळीदार रुमाल. बोलायला गेले तर नुसते ओठ हलतात, आवाज नाही. फार महत्त्वाचं असेल तर मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवतात. आणि माणूस कोण, तर दिवसा मोरिवलीजवळ रंगाच्या कारखान्यात पाळी करणारा आणि सुटी झाली की पेटी घेऊन बदलापूरच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत भीमगीतं गात फिरणारा. जयंतीच्या दिवसांत ते आम्हाला घरात दिसायचेच नाहीत. वरचा सूर लावला की यांना माइक लागत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

त्या कार्यक्रमांच्या कॅसेट घरात एका पत्र्याच्या पेटीत पडून होत्या. काहींना बुरशी आली होती. मी त्या त्याच दुकानदाराकडे नेल्या आणि होतं तेवढं सगळं हार्डडिस्कवर उतरवून घेतलं. नुसती गाणी नव्हती त्यांत. आमच्याकडे गाणं आवडलं की माणूस उठून गायकाला नोट देतो, आणि गायक दोन कडव्यांच्या मध्ये त्याचं नाव घेऊन आभार मानतो. तीही सगळी नावं बाबांच्या आवाजात आली. त्यांतली निम्मी माणसं आता नाहीत.

हार्डडिस्क मी दादाकडे दिली, कारण बाबा त्याच्याकडे राहतात, सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. लॅपटॉप त्याच्याकडे, भिंतीएवढा टीव्हीही त्याच्याकडे. माझ्या पालेगावच्या घरात मोबाइलशिवाय काही नाही आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरला बाहेरचं काही लावू देत नाहीत. मी दादाला म्हटलं, "अजून एक कॉपी काढून ठेव कुठंतरी."

"जी तुटतच नाय तिची कॉपी कशाला?" दादा म्हणाला. वहिनीला तर हे इतकं पटलं, की त्याच आठवड्यात तिने कॅसेटची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली.

दादाबद्दल एक सांगायला हवं. कॉलेजात असताना तो मित्रांना सांगायचा, वडील कंपनीत आहेत. गातात हे कधी सांगितलं नाही. एका कार्यक्रमाला आला नाही, एकदा पेटी उचलू लागला नाही. तोच आता आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. घरभरणीच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, आणि त्याने टीव्हीला हार्डडिस्क लावली. बाबांना टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसवलं. "ऐका आता, आमच्या बाबांचा आवाज," म्हणाला. जणू स्वतःच्या हाताने तो गळा घडवला होता.

आवाज सुरू झाला. लोक आधी टीव्हीकडे बघायचे, मग बाबांच्या गळ्याकडे. एका मामांनी हौसेने उठून बाबांच्या हातात नोट ठेवली. दादाने मोठ्याने मामांचं नाव पुकारलं. नेमकं त्याच वेळी टीव्हीतल्या बाबांनी कुणा भलत्याच माणसाचे आभार मानले, ज्याला मरून जमाना झाला. सगळे खो खो हसले. बाबांना खोकल्याची उबळ आली. त्यांचा खोकला तोंडातून नाही, गळ्यातून येतो, आणि त्याचा आवाज चांगला नसतो. दादाने टीव्ही मोठा केला आणि वहिनीला म्हणाला, "बाबांना जरा आत ने ना, गाणं ऐकू येत नाय."

ज्याचं गाणं त्यालाच आत नेलं. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही.

मग हा कार्यक्रमच होऊन बसला. पुतण्याचा वाढदिवस, मेहुणीची हळद, शेजाऱ्यांचा सहज आलेला पाहुणा, काही पुरायचं. आईच्या वर्षश्राद्धाऐवजी आम्ही पुण्यानुमोदन ठेवलं होतं, तिथेही भन्तेजी निघून गेल्यावर टीव्ही लागला. गाणं झालं की दादा हार्डडिस्क काढून सगळ्यांसमोर जमिनीवर आपटून दाखवायचा. पोरं टाळ्या पिटायची. आपटली की पुन्हा लावायची, पुन्हा बाबा गाणार. बाबा खुर्चीत. मी एकदा दादाला बाजूला घेऊन म्हटलं, "त्यांना त्रास होतो रे." तर म्हणाला, "त्रास कसला? एवढा मान कोणत्या बापाला मिळतो? तुला नाय कळायचं." आमच्याकडे मान द्यायचा ठरवला की माणसाचा जीव गेला तरी चालतो, पण मान द्यायचाच.

एके सकाळी बिल्डिंगचा वॉचमन धापा टाकत वर आला. "काका, ये आपका गिरा था गॅलरी से." हातात हार्डडिस्क. रबराचा एक कोपरा खरवडलेला, त्याला लाल माती. मी त्या दिवशी तिथेच होते. बाबा गॅलरीच्या दारात उभे होते आणि वॉचमनकडे असे बघत होते, जसा एखादा माणूस लांब सोडून आलेलं मांजर परत दारात दिसल्यावर बघतो. दादाने ती पुसून टीव्हीला लावली. चालू. मग काय, त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "चौथ्या मजल्यावरनं! बाबा, तुमचा आवाज चौथ्या मजल्यावरनं पडला तरी काय झालं नाय!" वॉचमनला चहा पाजला. पुढच्या पाहुण्यांना सांगायला नवी गोष्ट मिळाली.

कशी पडली, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, गॅलरीचा कठडा छातीएवढा आहे, वस्तू आपोआप कशी पडेल?

नंतर एका रविवारी मी गेले तर घरात बाबा एकटेच. बाथरूममध्ये नळ सुरू होता. बादली भरून वाहत होती आणि तळाशी ती नारिंगी डबी. बाजूला स्टुलावर बाबा बसले होते, राखण करत असल्यासारखे. मी हात घालून डबी बाहेर काढली. वायर लावायच्या जागेवरचं रबरी झाकण घट्ट बसलेलं होतं. ते उघडायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी मला ती लॅपटॉपला लावायला लावली. चालू. यादीत सगळी गाणी जागच्या जागी.

बाबांनी मोबाइल घेतला. बराच वेळ टाइप केलं. मला दाखवलं: "तो लावतो. लोक ऐकतात. मग माझ्याकडे बघतात. मला रोज नव्याने कापतात. तू पूस."

"बाबा, मग काहीच राहणार नाही," मी म्हणाले. "कॅसेटपण गेल्या. तुमचा आवाज परत कुठंच मिळायचा नाही."

त्यांनी मान हलवली. हेच तर पाहिजे, अशी. मग माझा हात धरला. पेटीवर फिरून फिरून कडक झालेली बोटं. आयुष्यात बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. मला रडू आलं, रागही आला. दादाचा, त्या दुकानदाराचा, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही. माझ्याकडून का करून घेता हे? पण मी केलं. लॅपटॉपने विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी बटण दाबलं. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बाबांनी रिकाम्या यादीकडे दोनदा बघून खात्री केली, आणि त्या दुपारी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पोटभर जेवले. डाळभात मळून खाल्ला, वर पुन्हा भात मागितला.

पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर टीव्हीवर काहीच आलं नाही तेव्हा दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने वायर बदलली, टीव्ही बदलून बघितला, वहिनीवर ओरडला. वहिनी म्हणाली, "मी नाय हात लावला, आईशप्पथ." बाबा शांत बसून होते. ते थोडे उजळलेही होते. त्या महिन्यात ते खाली बाकावर जाऊन बसू लागले, लोकांत मिसळू लागले. मी एक चांगलं काम केलं, असं मला वाटलं. जड मनाने, पण वाटलं.

मला माहीत नव्हतं, की पुसलेलं पुसलं जात नसतं. दादा हार्डडिस्क घेऊन त्याच दुकानदाराकडे गेला. त्याने चार दिवस ठेवून घेतली आणि सगळं परत काढून दिलं. "मैंने बोला था ना दीदी को," म्हणाला म्हणे, "इसको कुछ नहीं होता." गाण्यांची नावं गेली होती, नुसते आकडे राहिले होते, पण गाणी होती.

दादाने त्याच संध्याकाळी अख्खा मजला गोळा केला. मलाही बोलावून घेतलं. बाबांना खालच्या बाकावरून वर आणून टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसवलं. मी समोरच सतरंजीवर बसले होते. बाबांकडे बघायची हिंमत होत नव्हती. दादाने बटण दाबलं. आधी पेटीचा सूर, मग लोकांचा गलका, आणि मग तो आवाज. वरचा, स्वच्छ, माइक न लागणारा. मी लहान असताना कार्यक्रमावरून येणाऱ्या बाबांची वाट बघत झोपून जायचे, तो आवाज. मला वाटलं होतं की मी तो माझ्या हाताने मारला. तो जिवंत होता. माझे डोळे घळाघळा वाहत होते आणि ओठ हसत होते, ते मला थांबवताच येईनात.

मान वर केली तर बाबा माझ्याकडेच बघत होते. टीव्हीकडे नाही, दादाकडे नाही.

त्यानंतर बाबांनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मी शेजारी बसलेली असते, तरी पाणी हवं असलं की ते वहिनीला खूण करतात.