टपालवाल्या सरांची शिट्टी

टपालवाले सर शिट्टी वाजवायचे आणि आधी आम्हा खेळाडूंकडे नाही, बांधावर बसलेल्या माणसांकडे वळायचे. "पोरीने चेंडू पुढे फेकला. रग्बीत हाताने चेंडू मागेच द्यायचा. कळलं ना काका?" काकांना कळेपर्यंत खेळ थांबलेला! आमच्या सायवन गावात हा खेळ कोणी पाहिलाच नव्हता, आणि लोकांना न समजलेला निकाल म्हणजे पंचाची दादागिरी, असं सरांचं ठाम मत होतं.

सर चिखले गावचे, नोकरी टपाल खात्यात. कुठल्याशा आठ दिवसांच्या शिबिरात ते रग्बी शिकले आणि दर रविवारी फटफटीला लांबट चेंडू बांधून आमच्या पाड्यावर यायला लागले. चेंडू मागे देणं आम्हा मुलींना जमेना. सर म्हणाले, "आवणी करताना मागे मागे सरकता ना? पुढे गेलात तर लावलेला भात तुडवाल." मग जमलं.

कबड्डीची सवय मात्र सुटेना. पहिल्याच सामन्यात मला पकडून पाडलं, तशी मी इमानदारीत उठून मैदानाबाहेर जाऊन बसले. माझ्यामागून आणखी तिघी आल्या. सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, तुम्हाला बाद कोणी केलं? इथे पडायचं, उठायचं, परत खेळायचं!"

मग मुंबईच्या पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी माझी निवड झाली. सर नेणार होते, पण बाबा अडून बसले. "ओळख ना पाळख, त्या माणसासंगं पोरीला कशी धाडू?" तलासरीच्या सामन्याला ते आले तेच सरांना तोंडावर नाही म्हणायला. आपण जिंकलो तर बाबा विरघळतील, एवढीच माझी आशा.

ठरलेला पंच आलाच नाही, म्हणून दोन्ही संघांनी सरांनाच उभं केलं. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी मागे होतो. चेंडू माझ्याकडे आला, हातातून जरासा पुढे निसटून पडला, मी उचलला आणि धावत जाऊन रेषेपलीकडे टेकवला. त्याचे पाच गुण, म्हणजे आम्ही जिंकलो! मुली नाचायला लागल्या. निसटलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

शिट्टी वाजली. सर बांधाकडे वळले. "चेंडू हिच्या हातातून पुढे पडला. गुण नाही. आमच्या पोरी हरल्या."

मी तिथेच भोकाड पसरलं. बाबा उठून सरांकडे गेले, आणि मी डोळे मिटून घेतले. ऐकू आलं ते एवढंच, "जो माणूस आपल्याच पोरींवर शिट्टी मारतो, त्याच्यासंगं पोरीला धाडायला भ्या नाय. कधी निघायचं?"

मी मुंबईला गेले. पुढे कितीतरी सामने खेळले. २०१९ ला सरांची बदली झाली, तेव्हा निरोप घेताना धीर करून विचारलं, "सर, तलासरीला तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. घरी जाऊन जेवलो नाही."

मला फार शरम वाटली. त्या दिवशी शिबिराला जायचं ठरलेलं असूनही, सरांच्या नावाने बोटं मोडत मी मात्र पोटभर जेवले होते.