देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल

लेकीला सांगितलं नाही, पाठच्या बहिणीला नाही, देवळात तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखलंत तरी आता या वयात काय व्हायचं ते होऊ दे.

मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही. आमचे हे म्हणतात, तू निघतीस भवानीनगरला आन पोचतीस बारामतीवरनं. खरं आहे. पण आज मी मुद्दाम लांबून येतेय असं समजू नका — हे बोलायचं म्हटलं की जीभच लांबची वाट धरते.

घराची गोष्ट आहे. आमची वस्ती भवानीनगरच्या अलीकडं, चहूबाजूंनी ऊस. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर पत्रा, आणि एका अंगानं कलायला लागलेलं. तेव्हा नवं घर करायचं एवढं ठरलं होतं. कसलं करायचं, तेवढंच राहिलं होतं. तेवढंच!

माझ्या मनात तर कधीच ठरलेलं. विटा, सिमेंट, वर स्लॅब, पुढं पोर्च, बाहेरून जिना. माझं माहेर कन्हेरी. तिथं भावानं असंच घर बांधलं होतं, आणि वास्तुशांतीला भावजयीनं माझा हात धरून एकेक खोली दाखवली होती. प्रेमानंच दाखवली हो. पण मला ते प्रेम पचलं नाही, खरं सांगते.

त्यात आमचा विकास, थोरला, ह्यांना पुण्याजवळ कुठंतरी एक घर दाखवायला घेऊन गेला. कारखान्यात भिंती तयार होतात, ट्रकमधनं येतात, आणि शेतावर आणून जोडल्या की घर उभं. विकास त्याला मॉड्युलर घर म्हणायचा. हे म्हणायला लागले, बोल्टाचं घर.

त्या दिवशी हे जेवायला बसले आणि भाकरीचे तुकडे ताटात उभे करून मला भिंती दाखवायला लागले. "ह्या अशा येत्यात. हितं बोल्ट, हितं बोल्ट. आवळलं की झालं घर. आन सोडायचं म्हणलं तर —" त्यांनी तुकडे अलगद आडवे केले — "सोडलं. उचल, टाक ट्रकात, चल." आणि हसले. भाजीत मीठ नसलं तरी न बोलता जेवणारा माणूस हा. स्वतःसाठी कधी चप्पल मागितली नाही. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा झाला होता.

आणि मी काय म्हणाले? "घर काय सोडायला बांधत्यात व्हय?"

मला ठाऊक नव्हतं, असं नाही. हे मूळचे पळसदेवकडचे. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा ह्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. ह्यांच्या वडिलांनी, सगळे त्यांना दादा म्हणायचे, अख्खं घर सुटं केलं. तुळया, खांब, चौकट, दारं. कुठलं लाकूड कुठं बसतं ते विसरू नये म्हणून ह्यांनी प्रत्येकावर कोळशानं आकडे घातले. मग गाडीत घालून सगळं इकडं आणलं आणि त्या आकड्यांवरून परत उभं केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा चुलीसमोरच्या तुळईवर पुसट आकडा दिसायचा. म्हणजे बघा, बोल्टाचं घर ह्यांनी पुण्यात पहिल्यांदा बघितलं नव्हतं. ते ह्यांनी लहानपणी स्वतःच्या हातानं केलं होतं. मला हे सगळं माहीत होतं. मग?

मग भावजय आली. विकासनं हौसेनं मोबाइलमध्ये फोटो दाखवला. तिनं पदर तोंडाला लावला. "अगं बया! वन्सं, ही तर पोल्ट्रीची शेड दिसतीया. तुमी आत ऱ्हाणार, मग कोंबड्या कुठं ठेवायच्या?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. हे बाहेर ओट्यावर ठिबकची नळी जोडत बसले होते. हात थांबले, एवढं मला दिसलं.

पण ह्या वेळी माणूस हटेना. आयुष्यात पहिल्यांदा हटून बसला. मी रुसले, अबोला धरला, भावाला मधी घातलं. शेवटी हेच म्हणाले, "आपण कशाला भांडायचं? लक्ष्मीआईला इचारू. ती म्हणंल तसं."

लक्ष्मीआई म्हणजे आमची देवी. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर लहानसं देऊळ, आत काळ्या पाषाणाची मूर्ती. तीही ह्यांच्यासारखीच तिकडून उठून आलेली — गाडीत, गोधडीत गुंडाळून, दादांच्या मांडीवर. म्हणून ह्यांचा तिच्यावर जीव. आमच्याकडं अडल्या कामाला तिचा कौल लावतात. गुरव तिच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं एकेक फूल चिकटवतो. उजवं आधी पडलं तर होकार. डावं पडलं तर नकार. मग त्यावर कुणी बोलत नाही.

आता आले बघा जवळ.

कौल सकाळी लावायचा होता — बोल्टाचं घर करू का, असा. देवीला आंघोळ घालायला मी सगळ्यांच्या आधी गेले. तशी मी नेहमीच जायची, कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. पाणी घातलं, पुसलं, कुंकू लावलं. आणि मग — पदराखाली वाटी होती. वाटीत काकवी. उसाचा पट्टा आमचा, काकवीची बरणी घरात कायम. मी बोट बुडवलं आणि देवीच्या उजव्या खांद्यावर फिरवलं. काळ्या दगडावर काळपट काकवी, कुणाला दिसणार?

कचरले का मी? नाही. तेच तर. स्वयंपाकघरात पोळीला तूप लावावं तसं लावलं.

गुरवानं फुलं लावली. शेवंतीची होती. हे हात जोडून उभे, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. काय मागत होते ते मला ऐकू येत नव्हतं, पण ठाऊक होतं. मी डोळे उघडे ठेवले. थोड्या वेळानं डावं फूल सुटलं आणि तिच्या पायाशी पडलं. उजवं जागचं हललं नाही. ते कसं हलेल?

ह्यांनी डोळे उघडले, खाली बघितलं, वाकून ते फूल उचललं, टोपीत खोवलं. "बरं आई," म्हणाले. एवढंच. वाद नाही, निराशा नाही. देवीला "बरं" म्हणाले.

दुपारी मी परत गेले, खांदा धुवायला. मुंग्या लागल्या होत्या. दारापासून रांग, ती थेट देवीच्या अंगावर. मी तिला पदरानं पुसत होते आणि मुंग्या माझ्या मनगटावर चढत होत्या. जी बाई स्वतः गाव सोडून गाडीतून आली, तिच्या तोंडून मी हलत्या घराला नको म्हणवलं — हे मला तिथं, तेव्हाच कळलं. कळूनही मी घरी आले आणि चहा टाकला.

घर झालं. चांगलं झालं, गळत नाही. बांधकामाला रोज पाणी कुणी मारलं? ह्यांनीच. पहाटे उठून, पाइप धरून, एखाद्या रोपट्याला घालावं तसं. एका शब्दानं कुरकुर नाही. फक्त आत झोपत नाहीत. पोर्चमध्ये बाज टाकतात. "सलाब तापतो," म्हणतात. थंडीतही म्हणतात.

मागं एका उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, तेव्हा मला त्यांचं जुनं गाव दाखवायला घेऊन गेले. जुनं देऊळ उघडं पडलेलं, भोवती भेगाळलेला गाळ, लांबवर मासेमारांच्या होड्या कलंडलेल्या. चालत चालत एका दगडी चौथऱ्यापाशी थांबले. घराचं जोतं. वरचं घर आमच्याकडं आलं, जोतं तेवढं तिथं राहिलेलं.

"सगळं नेलं," हे म्हणाले. "ह्येच नेता आलं न्हाय. पाणी पायाला लागंस्तोवर दादा हितं बसून हुते. मी हात धरून वडत हुतो. तवाच म्हणलं हुतं, मी घर बांधीन तर त्येला मागं ऱ्हाणारं काय ठेवणार न्हाय." मग जोत्यावर हात फिरवला, धूळ झटकावी तसा. "पर आईच्या मनात न्हवतं. तिला म्होरचं दिसतं. आपल्याला न्हाय दिसत."

आम्ही दोघंच होतो. चिटपाखरू नव्हतं. सांगायला यापेक्षा बरी जागा कुठली असते? मी म्हणाले, "ऊन लागंल, चला."

म्हणजे अपराध एक नाही, दोन आहेत. पहिल्याला बोट लागलं होतं. दुसऱ्याला तेही नाही.

आणि परवाची गोष्ट. विकासला मळ्यात, विहिरीपाशी, दोन खोल्या करायच्या आहेत. म्हणाला, "तात्या, तुमच्या त्या बोल्टाच्याच करू की. तुमाला पायजे हुतं ना?" ह्यांच्या तोंडावर क्षणभर तोच चेहरा आला — भाकरीच्या तुकड्यांचा. मी बघितला. मग तो गेला. हे म्हणाले, "न्हाय रं. आईनं एकदा नगं म्हणलंय. तिला परत परत इचारायचं नसतं." आणि माझ्याकडं वळले. "व्हय का न्हाय? तू हुतीस की तितं."

मी मान हलवली. व्हय म्हणून.