चार पावलं खाली

आज बिबवेवाडीच्या गच्चीवर जुना तंबू वाळत घातला आणि खारफुटीच्या चिखलाचा तो कुजका, खारट वास नाकात शिरला.

कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण शबाना कायाक वल्हवत कोकणातल्या एका खाडीत काही दिवस हिंडलो होतो. एका संध्याकाळी काठावर तंबू ठोकला, तोच कुंपणाआडून रखवालदार ओरडला, "ओ ताई, उठा! ही साहेबांची जागा आहे."

"कुठवर?" शबानाने विचारलं.

"भरतीचं पाणी लागतं तिथवर."

"मग आम्ही पाण्याच्या जागेत राहतो," म्हणत तिने तंबू चार पावलं खाली सरकवला.

"अहो, पाणी चढेल!"

"चढू द्या. त्याला हाकलून दाखवा."

पाणी चढलं. आम्ही तंबू गुंडाळला, कायाक खारफुटीला बांधल्या आणि त्यांतच बसून सादळलेलं भडंग खाल्लं. ओहोटी लागताच तंबू पुन्हा तिथेच ठोकला.

तेव्हा वाटलं, जिंकलो. पण आता खारफुटी तोडून तिथे भराव टाकलाय आणि कुंपण आमच्या त्या जागेच्याही खाली आलंय. उद्या गावकरी भरावावर ठिय्या देणार आहेत. आम्हीही निघालोय.

मघाशी शबानाचा फोन आला. "तंबू वाळला का गं? या वेळी खाली सरकायचं नाही."