तंबूतल्या वावधनात जयवंताबाई

नाचणगावात आमच्या घराला लागून जयवंताबाईचं घर होतं. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, मागे एक सीताफळाचं झाड. नवरा भिलाईच्या कारखान्यात कामाला म्हणून गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं घर केलं. मूलबाळ नव्हतं. पुलगावच्या एका वसतिगृहात ती पोळ्या करायची. दोन्ही वेळच्या मिळून अडीचशे पोळ्या तरी होत असतील.

उन्हाळ्यात वसतिगृह बंद झालं की तिचे हाल होत. काम नाही म्हणून नव्हे, माणसं नाहीत म्हणून. एकटीपुरती कणीक भिजवायची तिला सवयच नव्हती. परात भरून भिजवायची आणि उरलेला गोळा आमच्याकडे आणून द्यायची. आईजवळ घटकाभर बसायची. आई कामात असली तर तशीच उठून जायची. मी तिला मावशी म्हणायचो, बाकी सगळे जयवंताबाई. नुसतं जयवंता म्हणणारी तिची माय होती, ती जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती.

शहात्तर सालच्या वैशाखात पुलगावला टुरिंग टॉकीज आली. मावशीला सिनेमाचा फार नाद. सोबत बघायची नाही, वाट बघायची नाही. धुतलेलं लुगडं नेसून, बसायला बारदाना काखेत घेऊन ती चालत निघायची आणि अंधार पडता पडता पहिल्या खेळाला बायकांच्या बाजूला जाऊन बसायची. त्या संध्याकाळीही ती अशीच गेली. आईनं अंगणातून म्हटलं, "आभाळ भरून राह्यलं, जयवंताबाई." ती म्हणाली, "दोन दिसापासून भरून राह्यलं, पडते कुठी?"

पुढचं तिनं मला फार वर्षांनी सांगितलं.

सिनेमा कुठलासा देवाचा होता. सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, एवढ्यात वावधन, म्हणजे वादळ सुटलं आणि गरम धुळीचा लोट आत शिरला. पडदा फुगला, त्यावरचा देव वाकडातिकडा झाला. लोक आधी हसले. मग मशीन बंद पडलं, काळोख झाला आणि तंबू पेलणारी मधली बल्ली करकरली. "बाहेर व्हा! बाहेर व्हा!" असं कोणीतरी ओरडेपर्यंत अर्धा तंबू खाली आला होता.

मावशी कनातीखालून सरपटत बाहेर आली, तर वर गारा. बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. ती एका बैलबंडीच्या आडोशाला उभी राहिली. चारी बाजूंनी हाका चालू होत्या. "श्रावण! ओ श्रावण!" "आनंदाबाई, इकडं या वं!" विजेच्या उजेडात माणसं दिसत, एकमेकांना धरत, निघून जात. ज्याचं त्याला सापडत होतं. ती मला म्हणाली, "बापू, गारा लागून राह्यल्या होत्या, त्याचं काई नाई. पण मले वाटलं, आपून या कपड्याखाली दबून राह्यलो असतो, तं सकाळलोक कोणाले पत्ता नसता."

तेवढ्यात तिला हाक ऐकू आली.

"जयवंता! अवं जयवंता, कुठी हायेस वं?"

बाईचा आवाज होता. मावशी म्हणाली, क्षणभर तिला मायच वाटली. "इथी हावो मी!" असं ओरडून ती आवाजाकडे धावत सुटली. जवळ गेली तर कडेवर तान्हं लेकरू घेतलेली एक तरणी बाई उभी होती. तिनं मावशीकडे पाहिलं आणि पुन्हा पलीकडे पाहू लागली.

"मले हाक मारली ना तुमी?"

"तुमाले काऊन मारीन? माई पोरगी हारपली. सात सालाची हाय. जयवंता नाव तिचं. दिसली काय हो तुमाले?"

  मावशीनं पदर खोचला. "तुमी लेकरू भिजवू नका, बंडीखाली बसा," असं त्या बाईला सांगून ती परत तंबूकडे वळली. ओलं जड कापड उचलून ती आत शिरली आणि स्वतःचंच नाव मोठ्यानं घेत अंधारात चाचपडू लागली. "जयवंता! ओ जयवंता!"

पोरगी तिकिटाच्या टेबलाखाली सापडली. दोरीत पाय अडकला होता, आवाज बसला होता. दोरी सोडवताना वरची बल्ली घसरली आणि मावशीच्या उजव्या मनगटावर पडली. तरी तिनं पोरीला पोटाशी घेतलं, वाकून गारा पाठीवर झेलत बंडीपाशी आणलं. त्या बाईनं पोरीच्या पाठीत आधी एक धपाटा घातला, मग तिला कवटाळून रडू लागली. तिचा नवरा बैल धुंडून घेऊन आला. बंडी त्यांचीच होती. गारा थांबल्यावर त्यानं बैल जुंपले आणि विचारलं, "बाई, तुमच्या संगं कोनी हाय नं?"

"हाये नं. पुढं गेले ते."

बंडी दुसऱ्या रस्त्यानं गेली. मावशी नाचणगावकडे एकटी चालत आली. वाटेत दोन बाभळी आडव्या पडल्या होत्या, त्या तिनं चाचपून ओलांडल्या. घरी पोचली तर मागच्या खोलीवर कवेलू नव्हते. चूल भिजली होती. कोरड्या कोपऱ्यात भिंतीला टेकून, हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

सकाळी आईनं सुजलेला हात पाहून विचारलं. "गार लागली," एवढंच ती बोलली. हळद-तेल लावून हात बांधला. वसतिगृह सुरू झाल्यावर डाव्या हातानं कणीक मळू लागली. हाड वाकडंच जुळलं.

पंच्याऐंशी साली तो हात फार दुखू लागला. तेव्हा मी नोकरीनं अमरावतीला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेलो. ओळीत बसलो असताना तिनं हे सगळं सांगितलं. नऊ वर्षांत माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं.

"ती पोरगी पुन्हा कधी दिसली काय?"

"गाव इचाराचं राहून गेलं," ती म्हणाली. "आता तं लग्नाची झाली असन."

डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, इतक्या जुन्या हाडाला आता काही करता येणार नाही, दुखेल तेव्हा शेकायचं. कँटीनमध्ये चहा घेतला. परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा तिनं मला दिली.  वसतिगृहात आता गॅस आला, पोळ्या लवकर होतात आणि मग बसूनच राहावं लागतं, असं वाटेत एकदा म्हणाली. नाचणगावला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी अमरावतीला निघालो. ती अंगण झाडत होती. डाव्याच हातानं.