सीडीवरची कुंकवाची जागा

माहेरच्या गावाहून, सोनारीहून, मी पुण्याला निघाले त्या सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. हातातली किल्ली मला दाखवून म्हणाले, "खोली तुझी हाय. करमलं न्हाय तर ये. कुणी कायबी विचारणार न्हाय." नवरा वारून वर्ष झालं होतं. मांडीवर तीन वर्षांची मनीषा होती. मी नुसती मान हलवली. मला चारचौघांत बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

त्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. पुण्यात आधी मेसमध्ये चपात्या लाटल्या, मग एका फोटो स्टुडिओत लागले. काम होतं लग्नाच्या सीड्या पाकिटात भरायचं. भरता भरता कॉम्प्युटरवर सीड्या तयार करणाऱ्या मॅडमच्या मागं उभी राहून बघायचे. एक दिवस त्यांनी खुर्ची सरकवली, म्हणाल्या बसा. चौथी शिकलेली बाई मी, पण आकडे आणि बटणं ओळखायला चौथी पुरते. आता दुकानातल्या सगळ्या सीड्या मीच राईट करते, म्हणजे कॉम्प्युटरवरून त्यांत व्हिडिओ भरते.

गावी अण्णांनी ती किल्ली बंडीच्या खिशातून कधी काढली नाही. बाळूची, माझ्या धाकट्या भावाची, दोन पोरं मोठी झाली. ती ओसरीवर पेंडीच्या पोत्यांना टेकून अभ्यास करायची, आणि माझी खोली कुलपात. भावजय फोनवर हसत म्हणाली होती, "अक्का, तुमच्या खोलीत पालींचा संसार बरा चाललाय." हसले मीही, पण ते लागलं. ती चुकीचं बोलत नव्हती.

अण्णांना सांगायला हवं होतं की मी आता परत येणार नाही. पण आमच्या घरी फोन आला की तो स्पीकरवर असतो. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं आणि शेजारची काकूही ऐकते. असं माझ्यानं होईना. मग आठवलं, अण्णांकडं भजनांसाठी घेतलेला, टीव्हीला जोडलेला सीडीचा प्लेअर आहे. टीव्हीचा आवाज ते पूर्ण मोठा करतात, आणि बोलताना माझ्यासमोर कुणी नसेल.

स्टुडिओला सुट्टी होती त्या दिवशी मी घरी एकटीच मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बसले. सहा वेळा पुसून सातव्यांदा जमलं. आधी आमची रूम दाखवली, गॅसचा ओटा, मनीषाची कॉलेजची बॅग, आदल्या दिवशी दुकानात टिपलेलं माझं कामाचं टेबल. शेवटी मी. जुन्या प्लेअरला मोबाईलचा व्हिडिओ तसाच चालत नाही, तो लग्नाच्या सीडीसारखा करून घ्यावा लागतो. तसा करून घेतला, सावकाश वेगानं राईट केला, शेवटी सीडी बंद केली, म्हणजे तिच्यात पुढं काही भरता येणार नाही अशी केली. ती बंद केली नाही तर घरचा प्लेअर तिला ओळखत नाही. दुकानात लावून पाहिली आणि गावाकडं जाणाऱ्या परांड्याच्या एसटीनं पाठवली.

बाळूचा फोन आला. "अक्का, भजनाच्या चालत्यात. तुझीच चालंना."

दुसरी केली, आणखी सावकाश. तीही चालली नाही. तिसरी चांगल्यातल्या कोऱ्या सीडीवर केली, तरी तेच. इकडं प्रत्येक सीडी चालत होती. माझं काम मला येतं, एवढं मला माहीत होतं. म्हणून चौथी करायच्या ऐवजी रजा टाकली आणि गावी गेले.

तिन्ही सीड्या देव्हाऱ्यात होत्या. उलटून पाहिलं तर चकचकीत बाजूला हळदी-कुंकवाची ओली बोटं उमटून वाळलेली. आई म्हणाली, "लेकीकडनं आलेली वस्तू, पूजा केल्याबिगर कशी लावायची?" आणि आरशासारखी बाजू म्हणजे सीडीचं तोंड, असं तिला वाटलं होतं. बाळूला कुंकू पुसायचं धाडस झालं नव्हतं. तो तशीच आत सरकवायचा.

मी हसत होते, तेवढ्यात आई खालच्या आवाजात म्हणाली, "तुझं तोंड हाय म्हणली होतीस त्यात. तुला लावता येत न्हाय, मग तिला लावलं."

मी सीडी हातात घेतली. मऊ फडकं ओलं केलं आणि मधून कडेला, सरळ सरळ पुसत सीडी स्वच्छ केली. लावली. चालली. माझा चेहरा टीव्हीवर यायच्या आधीच मी उठून बाहेर लिंबाखाली गेले. तिथंही सगळं ऐकू येत होतं. "अण्णा, मी इथं बरी आहे. माझं पोट माझ्या हातावर आहे. आता मी परत येणार नाही. खोली बाळूच्या पोरांना द्या."

आतला आवाज थांबला. बऱ्याच वेळानं अण्णा बाहेर आले.

"एवढं बोलतीस व्हय तू?"

मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "मी न्हाय देणार. तुझी हाय, तूच दे."

मी ती भावजयीला दिली. ती कुलूप काढता काढता म्हणाली, "आता पालींना नोटीस द्यावी लागंल." पण तिचे डोळे भरले होते.

आता त्या खोलीत पोरं अभ्यास करतात. टीव्हीही तिथंच हलवलाय. दर दोन महिन्यांनी माझी सीडी जाते आणि सगळे जमून बघतात. पूर्वी ती खोली माझ्यासाठी कुलपात होती, आता ती उघडी आहे आणि माझा आवाज त्यात असतो. मला हे जास्त आवडतं. इथली रूम भाड्याची आहे, पण तिची किल्ली माझ्या कमरेला असते. दोन्ही ठिकाणी मी घरी जाते असंच म्हणते.

सीडीच्या वरच्या बाजूला मी मार्करनं आकडा आणि तारीख लिहिते. शेजारी एक गोल काढून मधली जागा कोरी सोडते. आईला सांगितलंय, कुंकू तिथं लावायचं. गेल्या खेपेला नवी सीडी मी स्वतःच गावी घेऊन गेले होते; निघताना तिनं तिच्यावरच्या गोलात बोट टेकवलं. बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. मी कपाळ पुढं केलं.